ज्योत नसलेली चूल

चुलीचा एक मोठा गुण असा, की ती आपला धोका लपवीत नाही. जाळ डोळ्यांना दिसतो, धूर नाकाला झोंबतो, तवा चटका देतो. आणि घरातले रांगते मूलही एकदा बोट पोळले म्हणजे तिच्यापासून अंतर राखावयास शिकते. मायक्रोवेव्ह ओव्हनपाशी यांतले काहीच घडत नाही. ज्योत नाही, धूर नाही, काजळी नाही. दिवा लागतो, पंखा घुमतो, घंटी वाजते आणि अन्न वाफाळलेले बाहेर येते. जिचा धाक वाटत नाही अशा उष्णतेशी कसे वागावे, हे आपणांस परंपरेने शिकविलेले नाही. ते समजून-उमजूनच शिकावे लागते.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून उज्जैनला येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ पुष्कळ वाढला, आणि आमच्या नानाखेडा बसस्थानकाच्या आसपास निवासांची व उपाहारगृहांची दाटी झाली. २०२८ चा सिंहस्थ आता फार दूर नाही. परप्रांतांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतही पोळीभाजीचे डबे, उपवासाची खिचडी, पुरणपोळी असे उद्योग घरोघर चालतात, आणि व्यवसाय वाढला की दुकानापुरता मोठा ओव्हन घेण्याचा विचार मनात येतोच. शिवाय आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेली कित्येक मुले अशा ओव्हनांसमोर दिवसाचे दहा-दहा तास उभी असतात. त्यांची काळजी आम्हांस वाटते, हे सांगावयास संकोच कशाला?

पुष्कळांना वाटते, की हे यंत्र मुळात घरगुती असून पुढे ते हॉटेलांत गेले. इतिहास नेमका उलटा आहे. रडारसाठी लागणारा मॅग्नेट्रॉन नावाचा दिवा दुसऱ्या महायुद्धात विकसित झाला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी मॅग्नेट्रॉनजवळ वितळली, आणि १९४५ साली त्यांनी अन्न शिजविण्याच्या या युक्तीचे पेटंट मागितले. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन सुमारे सहा फूट उंच व तीनशे किलोंहून अधिक वजनाचा होता. तो उपाहारगृहांसाठीच होता. घरच्या ओट्यावर मावणारा सुटसुटीत ओव्हन लोकप्रिय होऊ लागला तो १९६७ नंतर.

या लहरींची कंपनसंख्या सेकंदाला २४५ कोटी आणि लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. त्या अन्नातील पाण्याच्या कणांना सतत गदागदा हलवितात व त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. त्यामुळे अन्न किरणोत्सारी होत नाही; दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसे यंत्र बंद होताच लहरीही उरत नाहीत. मात्र त्या अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. आतल्या भागास ऊब बाहेरून झिरपत जाऊन मिळते. हे एक तत्त्व ध्यानात ठेविले, तर पुढील बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

प्रथम जागेचा विचार. एक हजार वॅट उष्णता देणारा ओव्हन भिंतीतून दीड हजार वॅटांहून अधिक वीज ओढतो. दुप्पट शक्तीच्या मोठ्या ओव्हनास तेरा-चौदा अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. म्हणून पंखा आणि दिव्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा लांबविलेल्या वायरीवर तो कदापि चालवू नये. त्याच्यासाठी निदान सोळा अँपिअरची स्वतंत्र लाईन, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे. तीन पिनांपैकी जाड पिन मोडून दोन पिनांवर काम भागविणे म्हणजे आपल्याच हाताने संरक्षण काढून टाकणे होय. ओव्हन भक्कम, सपाट ओट्यावर ठेवावा. मागे, वर व बाजूंना पुस्तिकेत सांगितली असेल तितकी मोकळी जागा सोडावी. तळणीच्या कढईशेजारी तर मुळीच नको. माळव्याच्या उन्हाळ्यात हवा आधीच तापलेली असते. त्यात तेलकट वाफ जाळीतून आत ओढली गेली, तर मॅग्नेट्रॉन अकाली निकामी होतो.

आता दाराविषयी. काचेतील जाळीची छिद्रे लहरींच्या लांबीपुढे इतकी बारीक असतात, की उजेड बाहेर येतो, लहर येत नाही. दार उघडताच यंत्र थांबावे म्हणून आत एकाहून अधिक स्विच बसविलेले असतात. ओव्हनपासून पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅटपेक्षा अधिक लहरी गळता कामा नयेत, असा दंडक अमेरिकेत १९७१ पासून आहे. सुस्थितीतील ओव्हनाचे भय बाळगण्याचे म्हणूनच कारण नाही. भय आहे ते मोडक्या दाराचे. बसस्थानकाजवळच्या एका दुकानात आम्ही स्वतः पाहिले, की दाराची कडी तुटली होती आणि कोणा कारागिराने आतले स्विच तारेने जोडून दिले होते. एक पोरगेलासा मुलगा तळहाताने दार दाबून धरी. आम्ही हटकले, तेव्हा मालक म्हणाले, "मास्तरसाहेब, दाबून धरले की चालते!" चालते, हे खरेच, परंतु हात जरा सैल पडला, की सारी उष्णता त्या मुलाच्या हातावर आणि डोळ्यांवर येणार. डोळ्यांतील भिंगात रक्तवाहिन्या नसल्याने त्यास शिरलेली उष्णता लवकर बाहेर टाकता येत नाही, आणि तीव्र लहरींनी मोतीबिंदू होऊ शकतो. त्या दिवशी प्लग काढवूनच आम्ही तेथून निघालो. दार वाकडे झाले, बिजागरी ढिली झाली किंवा काच तडकली, तर ओव्हन त्या क्षणी बंद करावा. मोबाईल आत ठेवून घंटी वाजते का, ही लोकप्रिय परीक्षा मात्र निरुपयोगी आहे. तीवरून गळतीचा निर्णय होत नाही.

दुरुस्तीसाठी झाकण स्वतः उघडू नये, हे निराळे सांगावयास हवे. आत सुमारे चार हजार व्होल्टचा दाब तयार होतो, आणि कपॅसिटर नावाचा भाग प्लग काढल्यानंतरही वीज साठवून ठेवू शकतो. साध्या वायरमननेही यात हात घालू नये. शिकलेला तंत्रज्ञच बोलवावा.

भांड्यांच्या बाबतीत आपल्या घरांची खोड स्टीलची. स्टीलचा डबा, सोनेरी कडेचा कप, पिन टोचलेले पुडके, एवढेच नव्हे तर मिठाईवरचा चांदीचा वर्खही ठिणग्या पाडू शकतो. काच, चिनी माती, किंवा मायक्रोवेव्हसाठी योग्य अशी खूण असलेली भांडीच वापरावी. कवचासह अंडे किंवा घट्ट झाकणाची बाटली ठेवू नये. वाफ कोंडून स्फोट होतो. गुळगुळीत पेल्यातील पाणी उकळीचे बुडबुडे न दाखविताही उकळबिंदूपलीकडे तापते आणि चमचा बुडविताच अंगावर उसळते. म्हणून ते थोडा वेळ राहू देऊन मगच हात लावावा. आत काही पेटलेच, तर दार उघडू नये. वीज बंद करावी; हवेविना आग बहुधा आपोआप विझते.

दुकानदाराची खरी कसोटी अन्न पुन्हा गरम करण्यात आहे. कडेला वाफा येतात आणि मध्यभाग कोमट राहतो. ग्राहकाला चटका बसतो, जंतूंना मात्र बसत नाही. अन्न पसरट ठेवावे, मध्येच ढवळावे, बाहेर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटे झाकून ठेवावे. मध्यभागी ७० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आले पाहिजे. भाताविषयी विशेष सावध असावे. शिजूनही टिकणारे काही जंतूंचे बीज त्यात असते. भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यातून विष तयार होते आणि ते पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

निगा राखणे अवघड नाही. रोज रात्री प्लग काढून ओल्या फडक्याने आतून पुसावे. दाराच्या कडेवर अन्नाचा कण राहू देऊ नये. तारेची घासणी वर्ज्य. हवेची जाळी आठवड्यातून एकदा धुवून, वाळवून लावावी. रिकामा ओव्हन चालवू नये. लहरींना शोषणारे काही नसेल, तर त्या मॅग्नेट्रॉनवरच उलटतात. शक्ती कमी झाल्याचा संशय आला, तर शाळेतील प्रयोगासारखी एक परीक्षा करावी. काचेच्या भांड्यात एक लिटर गार पाणी घेऊन त्याचे तापमान मोजावे, पूर्ण शक्तीवर एक मिनिट ठेवावे, ढवळून पुन्हा मोजावे. जितके अंश वाढले, त्यांस सत्तरने गुणिले की वॅट अंदाजे कळतात. चौदा अंश वाढले, तर शक्ती सुमारे हजार वॅट.

हे नियम कागदावर लिहून ओव्हनाशेजारी चिकटवावेत, आणि कामावर येणाऱ्या नव्या मुलास पहिल्याच दिवशी समजावून द्यावेत, एवढी आमची व्यवसाय करणाऱ्या वाचकांस विनंती आहे. गल्ल्यावर बसणारा क्वचितच त्या दारासमोर उभा असतो. जो उभा असतो, तो कोणाचा तरी मुलगा असतो, आणि "हे दार बिघडले आहे, मी चालविणार नाही" असे म्हणण्याचे धैर्य त्यास मालकानेच दिले पाहिजे.