‘मिस्टरांना घेऊन या’

पनवेलच्या औषध दुकानात गर्दी ओसरेपर्यंत कडेला थांबलेली बाई लगेच ओळखू येते. डोकेदुखीची गोळी मोठ्याने मागितली जाते, पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांसाठी मात्र चिठ्ठी पुढे सरकते. दुकानदारही पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं १९२१ मध्ये. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या लेखनावर खटले झाले. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. आज साधनांना तोटा नाही. तांबी आहे, आशा सेविकेकडे ‘छाया’ गोळ्या आहेत. काळी पिशवी मात्र सुटलेली नाही.

आणि ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते बाईचंच, हे घरात विचारावंही लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया कितीतरी सोपी, तो त्याच दिवशी चालत घरी जातो. बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. तरीही ‘त्यांना कामावर जायचं असतं’ हे कारण तीच सांगते, घरकाम आणि नोकरी दोन्ही करणारी.

त्रास तिचा, मग निर्णय तरी तिचा असावा. कायद्याने तो आहेच. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नसबंदीसाठीही जोडीदाराची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही विवाहितेइतकाच गर्भपाताचा हक्क दिला आणि घरच्यांच्या संमतीसारख्या कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असं बजावलं. तरी धीर करून एकटीच दवाखान्यात आलेल्या बाईला ‘मिस्टरांना घेऊन या’ हे ऐकावं लागतं, तेव्हा ती कायद्याचं कलम काढून दाखवत नाही. ती मुकाट्याने पर्स उचलते आणि रिक्षा पकडते. दिवस मात्र वर जात राहतात.

म्हणूनच सरकारी केंद्रात मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन अनेकींना जवळचं वाटू शकतं. एकदा टोचलं की तीन महिने निर्धास्त, सासूच्या हाती लागेल असं पाकीट घरात नाही. पण स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय बाईला लपवून का घ्यावा लागावा? पनवेलच्या प्रत्येक दवाखान्यात, केसपेपर काढायच्या खिडकीशीच, ‘सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे’ असा ठळक मराठी फलक लागला पाहिजे.