शीट गोठली, शिफ्ट वाढली!

मार्च एंडिंग. संध्याकाळचे सात. अख्ख्या फ्लोअरवर फक्त एसीचा आवाज आणि मधूनच कुणाचं तरी कळवळून ‘अर्रर्र!’ याचा अर्थ कालच जॉइन झालेल्या ट्रेनीलाही कळतो. शीट गोठली. स्क्रीन पांढरट पडलेला, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ची पाटी आणि कर्सरच्या जागी गरगरणारं ते निळं कडं.

मग उपाय सुरू. कुणी एंटर बडवतं, कुणी माऊस आपटतं, कुणी सिद्धिविनायकाला नारळ बोलतं. पण मंडळी, बऱ्याचदा शीट मेलेली नसते, हिशेबात बुडालेली असते. टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा आकडा वर-खाली होत असेल तर बाई कामात आहेत. त्यांना काम करू द्या, तुम्ही चहा घेऊन या.

ती एवढी बुडते कशी? १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ आणलं, तेव्हा त्यातली जादू एकच होती. एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलतील. आज तीच जादू अंगाशी येते. एक्सेल २००७ मध्ये ओळी ६५,५३६ वरून थेट १०,४८,५७६ झाल्या. आणि जागा मिळाली की आपण सामान भरतोच. वन बीएचकेचा टू बीएचके झाला तरी माळा भरलेलाच ना! हजारो व्हीलूकअप, अख्ख्या कॉलमला लावलेले फॉर्म्युले, रंगीबेरंगी कंडिशनल फॉरमॅटिंग. त्यात ‘टुडे’, ‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’ ही मंडळी भलतीच उत्साही. कुठेही काही टाइप करा, संबंध असो-नसो, ही पुन्हा हिशेबाला बसतात आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या सेलनाही बसवतात.

आमच्या टीममध्ये सांगलीहून आलेली एक मुलगी आहे. पहिलीच नोकरी. तिच्या वाट्याला आली इन्सेंटिव्हची शीट, आधीच्या चार जणांनी वाढवत नेलेली. सेव्ह करायला चार मिनिटं लागायची. दर दहा मिनिटांनी अडखळते म्हणून कुणीतरी त्या फाइलचं ऑटोरिकव्हरच बंद करून ठेवलेलं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एका संध्याकाळी शीट गोठली, बंद पडली आणि तीन तासांचं काम गेलं. पोरीने डोळे पुसले, साडेअकरापर्यंत बसून सगळं पुन्हा केलं आणि शेवटच्या लोकलने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, “अगं, एवढ्याशा शीटला अख्खी संध्याकाळ?” ती गप्प. बोलणार काय? केलेलं काम दाखवता येतं, उडालेलं काम कसं दाखवणार? त्याचा पुरावाच नसतो. मग माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, “सर, तिने ते दोनदा केलंय. तुम्ही एकदा फाइल उघडून बघा.” सरांनी उघडली. त्यांचा चहा संपला, फाइल काही उघडेना. त्याच आठवड्यात त्या शीटच्या तीन शीट झाल्या.

तुमच्याकडेही अशी खानदानी फाइल असेल तर एवढं करा. जुन्या महिन्यांचे फॉर्म्युले काढून नुसत्या व्हॅल्यूज ठेवा. फॉर्म्युले अख्ख्या कॉलमला नको, लागतील तेवढ्याच ओळींना द्या. मोठी भर घालताना कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’वर टाका आणि शेवटी एफ-९ दाबायला विसरू नका, नाहीतर जुनेच आकडे मेल कराल! ऑटोरिकव्हर चालू आहे का, ते आजच बघा. आणि ऑटोसेव्हच्या भरवशावर असाल तर लक्षात ठेवा, ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेल्या फाइलसाठीच चालतं.

आणि डेटा फारच वाढला, तर डेटाबेस मागा. २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या कोविडच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये मावल्या नाहीत. १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. तिथे तर काही गोठलंसुद्धा नव्हतं. गोठणारी शीट निदान आरडाओरडा तरी करते!

राहता राहिली टाइमशीट. तिथे खरं लिहा. ‘तीन तास काम. तीन तास तेच काम पुन्हा.’ वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा वेळ ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येईल. येऊ दे!