राऊटरची जागा कोणी ठरवावी?

आरंभी माझीच एक फजिती सांगतो. 2020 सालच्या पावसाळ्यात महाविद्यालये बंद होती आणि आम्ही प्राध्यापक मंडळी घरी बसून संगणकावरून तास घेत होतो. अकलूजमधील आमचे घर जुने. पुढची खोली अलीकडे विटांची बांधलेली, मागची मात्र आजोबांच्या वेळची, दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची. इंटरनेटची तार पुढच्या खिडकीतून आत आली, म्हणून राऊटरही तेथेच लोखंडी कपाटावर ठेवला. तो दिसावयास बरा दिसेना, तेव्हा त्याच्यापुढे पितळेचे दोन हंडे आणि एक कळशी मांडली. मागच्या खोलीत बसून मी परावर्तनाचा धडा शिकवू लागलो, की माझे चित्र गोठे आणि आवाज तुटे. मी तीनदा तक्रार नोंदविली. तिसऱ्या खेपेस जोडणी करणारा मुलगा आला, त्याने कपाटाकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, “सर, ते हंडे काढा की आधी तिथनं.”

हंडे काढले आणि तास सुरळीत झाला. मला आनंद होण्याऐवजी लाज वाटली. धातूच्या पृष्ठभागावरून विद्युतचुंबकीय लहरी परावर्तित होतात, हे वाक्य मी पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. पण राऊटर कोठे ठेवावा हे ठरविताना मी भौतिकशास्त्राला विचारले नाही. तार कोठून आली आणि खोली कशी दिसते, एवढेच पाहिले. तुमच्या घरीही बहुधा असेच झाले असेल. माझे म्हणणे असे, की घरातील राऊटरची जागा, त्याची मांडणी आणि त्याची देखभाल ही कामे हायस्कुलातील मुलामुलींनी आपल्याकडे घ्यावीत, आणि शिक्षकांनी ती प्रयोग म्हणून त्यांच्याकडून करवून घ्यावीत.

या पेटीत काय चालते ते थोडक्यात पाहू. खरे म्हणजे एका डबीत दोन यंत्रे असतात. मोडेम म्हणजे मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची जोडाक्षरी. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा मोडेम संगणकाच्या आकड्यांचे शिट्ट्यांसारख्या आवाजात रूपांतर करून ते टेलिफोनच्या तारेवरून पाठवीत असे. आता पुष्कळ घरी काचेचा तंतू येतो, आणि ते आकडे प्रकाशाच्या उघडझापीने येतात. हा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. म्हणून सुटलेल्या तंतूच्या टोकात कधीही डोकावू नये. दिसत काही नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लक्ष किलोमीटर असतो. अकलूजहून पुण्यापर्यंतचा तंतू पावणेदोनशे किलोमीटरचा धरला, तर तुमचा निरोप तेथे एक सहस्रांश सेकंदाच्या आतच पोचतो. एवढ्या दूरचे काम इतक्या झटपट होते, आणि शेवटच्या वीस फुटांत गाडे अडते!

ते अडते राऊटरपाशी. राऊटर हा घरातला पोस्टमन आहे. आलेला निरोप कोणत्या मोबाइलचा, कोणत्या संगणकाचा, हे पाहून तो वाटून देतो. वाटप रेडिओलहरींनी होते. या लहरींचे आपल्याकडे मुख्यतः दोन पट्टे वापरात आहेत, एक 2.4 गिगाहर्ट्झचा आणि दुसरा 5 गिगाहर्ट्झचा. पहिल्याची तरंगलांबी काढून पाहा. प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, उत्तर साडेबारा सेंटिमीटर, सुमारे अर्धी वीत. दुसऱ्याची सहा सेंटिमीटर. लहान लांबीच्या लहरी माहिती अधिक वाहून नेतात, पण भिंतींपुढे लवकर हात टेकतात. म्हणून राऊटरच्या खोलीत 5 चा पट्टा वापरावा आणि भिंतीपलीकडे 2.4 चा. माझा हंडा साडेबारा सेंटिमीटरहून पुष्कळ मोठा होता, तेव्हा त्याच्यामागे लहरींची सावली पडणारच.

धातू सलगच असला पाहिजे असेही नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोके लहरींच्या लांबीहून पुष्कळ लहान असली, की लहरींच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे आरसाच. आता तुमच्या घराच्या लोखंडी जाळीच्या दरवाजाकडे, खिडकीच्या धातूच्या मच्छरजाळीकडे पाहा. खोडदला जो गुण उपयोगी पडतो, तोच अंगणात अभ्यासाला बसलेल्या मुलाला नडतो.

रेडिओ खगोलशास्त्राचे नाव उगीच काढले नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन ओ’सलिव्हन आणि त्यांचे सहकारी हे लहान कृष्णविवरांच्या स्फोटांतून येऊ शकणारे रेडिओ स्पंद शोधीत होते. स्पंद काही सापडले नाहीत. परंतु पसरट झालेला संकेत गणिताने पुन्हा रेखीव कसा करावा, या कामात त्यांचा हात बसला. पुढे 1990 नंतरच्या वर्षांत हेच ज्ञान खोलीतल्या लहरींच्या प्रतिध्वनींवर उपाय शोधताना कामी आले. खोलीत एकच लहर भिंतीवरून, जमिनीवरून, पंख्यावरून आपटून निरनिराळ्या वेळी पोचते आणि गोंधळ होतो. तो निस्तरण्याची युक्ती आजच्या वायफायच्या पायाशी आहे.

आता मोजमापाकडे वळू. मोबाइलवरच्या तीन-चार कमानी पाहून काही कळत नाही. संकेताची तीव्रता आकड्यांत दाखविणारी साधने मोबाइलवर फुकट मिळतात. त्यांत उणे 40, उणे 70 असे डीबीएमचे आकडे दिसतात. ही लॉगरिथमची मोजपट्टी आहे: दहाने खाली गेले की शक्ती दहावा भाग होते. उणे 40 आणि उणे 70 यांत फरक केवळ तिसाचा दिसतो, पण शक्तीत तो हजारपट असतो. माझ्या मागच्या खोलीत हंड्यांसह उणे 82 भरले होते. हंडे काढून राऊटर मधल्या बोळात उंचावर लावल्यावर उणे 61 आले, म्हणजे सुमारे सव्वाशे पट वाढ, तीही एक पैसा खर्च न करता. लॉगरिथम कशाला शिकावयाचे, असे जे विद्यार्थी मला विचारतात, त्यांना मी आता हे दोन आकडे दाखवितो.

याच आकड्यांतून एका भीतीचेही उत्तर मिळते. आमच्या आळीत काही घरी रात्री ‘किरणांच्या’ धास्तीने राऊटर बंद करतात. विजेची बचत किंवा झोप यांसाठी तो जरूर बंद करावा. दहा वॅटचे यंत्र अखंड चालले तर महिन्याला सात युनिटे खाते. पण किरणांचे म्हणाल, तर हा राऊटर हवेत साधारण दशांश वॅट सोडतो, आणि उणे 70 म्हणजे त्याचा अब्जांश भाग. शिवाय या लहरींच्या एका कणाची ऊर्जा, अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखांश भरते. क्ष-किरणांच्या पंगतीत तिला बसविणे बरोबर नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतो. अकरावीतील माझी एक विद्यार्थिनी नीरेकाठच्या वस्तीवर राहते. घरात माणसे फार, म्हणून ती शंभरएक फुटांवरील विहिरीच्या मोटारीच्या खोलीत अभ्यासाला बसे. घर आणि विहीर यांच्यामध्ये उसाचे रान. ऊस कमरेएवढा होता तोवर तिचे पाठ नीट चालले. ऊस डोक्यावर गेला आणि संकेत येईनासा झाला. घरच्यांनी विचार केला, योजना लहान पडते. वडिलांनी दरमहा दोनशे रुपये जास्त भरून मोठा वेग घेतला. उपयोग शून्य. मुलीला वाटले पेटी बिघडली, पेटी बसविणाऱ्याला वाटले मोबाइल जुना. डिसेंबरात कारखान्याची तोड आली, ऊस गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे पूर्ववत!

कारण साधे आहे. उसाचे पान आणि कांडे पाण्याने भरलेले असते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. (याच सुमाराच्या वारंवारतेवर मायक्रोवेव्ह भट्टी अन्न तापविते. पण 2.4 गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची खास अनुनादाची वारंवारता आहे, असे जे काही पुस्तकांत छापलेले आढळते, ते चूक आहे. पाणी फार मोठ्या पट्ट्यात शोषण करते.) शंभर फूट हिरवा ऊस म्हणजे लहरींच्या वाटेत उभे केलेले पाणीच. वर्षाला चोवीसशे रुपये त्या कुटुंबाने जास्तीच्या वेगासाठी मोजले असते, आणि वेग घराच्या उंबऱ्याशीच थांबला असता. वर्गात ही हकीकत निघाली तेव्हा आम्ही हिशेब मांडला. तिने राऊटर जमिनीलगतच्या फळीवरून उचलून माळवदावरच्या खोलीत, विहिरीकडील लाकडी खिडकीत ठेवला. आता लहरी उसाच्या शेंड्यांवरून जातात. विहिरीच्या खोलीतही तिने बसण्याची जागा खिडकीपाशी घेतली आहे.

या मुलीला अडचण होती ती पैशाची नव्हे, निदानाची. आणि निदान करणे तुम्हाला सहज जमण्यासारखे आहे. प्रथम संगणक तारेने सरळ राऊटरला जोडून वेग मोजा. तो पुरेसा आला आणि खोलीत येत नसेल, तर दोष घरातला आहे. तारेवरही येत नसेल, तर खुशाल तक्रार करा, हातात आकडा असेल. मात्र योजनेवर 100 लिहिले असता फाइल बारा-साडेबाराच्या वेगाने उतरते म्हणून कोणावर रागावू नका. योजना मेगाबिटांत असते, फाइल मेगाबाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट.

गावात दाट वस्ती असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. 2.4 च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न अडविणारे 1, 6 आणि 11 असे तीनच. शेजारची चार घरे 6 वर बोलत असतील तर आपण 1 किंवा 11 वर जावे. एकेकाळी साध्या रेडिओसंचासाठीही पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. हा पट्टा मात्र अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवान्याशिवाय मोकळा आहे. मोकळ्या रस्त्यावर गर्दी होणारच.

चॅनेल बदलावयाचा तर राऊटरच्या आतल्या पानावर जावे लागते. त्याचा पत्ता बहुधा 192.168.1.1 असा असून पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. तेथेच नाव आणि पासवर्डही असतो, आणि पुष्कळ पेट्यांत दोन्ही ठिकाणी एकच शब्द: ‘ॲडमिन’. हा पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकविणे. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरच्या लाखो राऊटरांवर आणि कॅमेऱ्यांवर ताबा मिळविला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. यंत्रांच्या मालकांना पत्ताही नव्हता. तेव्हा हा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड, दोन्ही बदला, निरनिराळे ठेवा, आणि घरातील मोठ्या माणसांसमोर वहीत लिहून ठेवा.

मोठ्या माणसांसमोर हे मुद्दाम म्हणतो. पालकांची भीती मला ठाऊक आहे: किल्ली पोरांच्या हाती दिली तर पोरे रात्रभर खेळत बसतील. भीती खोटी नाही. पण किल्ली दडवून ठेवणाऱ्या घरांत ती बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते, आणि रात्रभर खेळणे काही थांबत नाही. वेळेची मर्यादा घालण्याची सोय त्याच पानावर असते. ती वडिलांनी आणि मुलीने मिळून घालावी.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नये. सोनोमीटर आणि अनुनाद नळी आवश्यकच आहेत. पण त्या वर्षातून एक-दोनदा हाती येतात. आलेखकागदावर घराचा नकाशा काढून दर दोन पावलांवर डीबीएमचा आकडा लिहिणे, हा प्रयोग रविवारी सकाळी होतो. मग राऊटरभोवती ओला टॉवेल, स्टीलचे ताट, पुस्तकांचा गठ्ठा धरून पुन्हा आकडे घ्यावेत. ज्यांच्या घरी राऊटर नाही, त्यांना शाळेच्या कार्यालयातला मोजू द्यावा. विजेचा अडॅप्टर उघडू नये आणि काचेचा तंतू मुरगळू नये, एवढी दक्षता पुरे.

आमच्या घरी राऊटर आता मधल्या बोळात, दिनदर्शिकेच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. तो तेथे फार विद्रूप दिसतो, असे घरात सर्वांचे मत आहे आणि ते बरोबरही आहे. हंडे पुन्हा पाण्याकडे गेले. वस्तीवरच्या मुलीच्या रानात यंदा पुन्हा ऊस आहे. ती दर रविवारी विहिरीच्या खोलीतला आकडा आणि उसाची उंची वहीत लिहिते. तिच्या नोंदींत पावसाच्या दिवशी आकडा अधिक खाली जातो असे दिसते. तो ओल्या पानांमुळे की आणखी कशामुळे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.