पुरस्कार देशाचा, निवाडा कोणाचा?

२३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सोहळा पार पडला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पदके दिली गेली. शाहरुख खान यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. वाहिन्यांनी टाळ्या, साड्या आणि अश्रू दाखवले आणि विषय संपला. या झगमगाटात मराठी माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची एक बातमी मात्र कोपऱ्यात गेली. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता 'श्यामची आई'.

हे पुरस्कार पहिल्यांदा १९५४ साली दिले गेले, तेव्हाही देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक 'श्यामची आई'लाच मिळाले होते. तो चित्रपट आचार्य अत्रे यांचा. २०२५ चा चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाचा, पण पुस्तक तेच. साने गुरुजींविषयी आमच्या मनात आदरच आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारा हा माणूस होता. प्रश्न गुरुजींचा नाही. प्रश्न असा आहे की, एकाहत्तर वर्षांत या देशाच्या पुरस्कारांनी नेमका कोणता प्रवास केला?

याच इतिहासातले दुसरे पान आमच्या लोकांना फारसे कोणी सांगत नाही. 'श्यामची आई'नंतर अत्रे यांनी 'महात्मा फुले' काढला. त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. पुरस्कारांच्या दुसऱ्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक या चित्रपटाला मिळाले. म्हणजे नव्या प्रजासत्ताकाने आपल्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच जोतिरावांच्या चरित्राला राजमान्यता दिली होती.

आता २०२५ कडे या. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीला, पडद्यावर यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि तो २५ एप्रिलवर ढकलला गेला. सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढा, मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा, तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, 'अनेक वर्षांची' म्हणा! जोतिराव ज्यांच्यासाठी आयुष्यभर झटले त्यांची नावे घ्यायची नाहीत, ज्या राजवटीवर त्यांनी कोरडे ओढले तिचे नाव घ्यायचे नाही, मग जोतिरावांचे उरले काय? पगडी आणि उपरणे?

वाचक म्हणतील, सेन्सॉर बोर्ड वेगळे आणि राष्ट्रीय पुरस्कार वेगळे. कागदावर ते वेगळे आहेत. पण दोन्ही एकाच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. शिवाय राष्ट्रीय पुरस्काराच्या स्पर्धेत उतरायचे तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र हाती असावे लागते. ते नसेल तर चित्रपट कितीही मोठा असो, परीक्षकांच्या टेबलापर्यंत तो पोचतच नाही. संध्या सुरी यांचा 'संतोष' हा हिंदी चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला. एका दलित मुलीचा खून आणि पोलिसांची जातीय वृत्ती हा त्याचा विषय. २०२५ साली सेन्सॉर बोर्डाने त्याचे भारतातले प्रदर्शन अडवले. मंदिराच्या पायरीवरच जो अडवला गेला त्याला गाभाऱ्यातला प्रसाद कसा मिळणार?

राष्ट्रीय पुरस्कारांनी आमच्या दुःखाची दखल कधीच घेतली नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. १९७० सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'संस्कार'ला मिळाला. अग्रहारातल्या ब्राह्मण्याची लक्तरे वेशीवर टांगणारा तो कानडी चित्रपट. १९७५ साली 'चोमन दुडी'ला सुवर्णकमळ मिळाले. स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा कसायला मिळावा एवढेच स्वप्न पाहणारा अस्पृश्य शेतमजूर चोमा त्याचा नायक. सत्यजित राय यांच्या 'सद्गती'ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८४ साली बिहारच्या वेठबिगारीवरचा 'दामुल' सर्वोत्कृष्ट ठरला.

हे सगळे चित्रपट मोलाचे आहेत. पण त्यांतला आमचा माणूस आठवून पाहा. 'सद्गती'तला दुखी लाकूड फोडता फोडता मरतो आणि त्याचे प्रेत दोरी लावून ओढत नेले जाते. चोमा आपल्या दुडीवर थाप मारीत मरतो. मरणारा, सोसणारा, हात जोडणारा माणूस दाखवला की पुरस्कार मिळत गेले. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यापुरतेच आमचे काम. ज्या काळात हे चित्रपट निघाले त्याच काळात, १९७२ साली, महाराष्ट्रात दलित पँथर उभी राहिली होती. नामांतरासाठी माणसे लाठ्या खात होती, तुरुंगात जात होती. तो उभा राहिलेला, प्रश्न विचारणारा माणूस त्या पडद्यावर कुठे होता?

बाबासाहेबांवरच्या चित्रपटाचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'ला १९९८ सालच्या पुरस्कारांत तीन मान मिळाले. इंग्रजीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट, मामुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शन. चित्रपटाला पैसा केंद्राचा आणि महाराष्ट्र शासनाचा, म्हणजे जनतेचाच होता. तरी तो जनतेपर्यंत नेण्याची घाई कोणालाच नव्हती. त्याची तमिळ आवृत्ती चित्रगृहात लागायला २०१० साल उजाडावे लागले, तेही लोकांनी मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. महाराष्ट्रात हा चित्रपट घरोघर पोचवला तो जयंती मंडळांनी आणि सीडी विकणाऱ्या आमच्याच फेरीवाल्यांनी. सरकारने पदक दिले आणि डबा कपाटात ठेवला. गौरव करायचा आणि विचार कोंडून ठेवायचा, ही या देशातली जुनीच युक्ती आहे.

२०१४ साली मात्र पाने उलटली. ६१ व्या पुरस्कारांत 'फँड्री'साठी नागराज मंजुळे यांना पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला दिग्दर्शक आणि हलगी वाजवणारा पोरगा विज्ञान भवनात पोचले. मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे असतात, हे दृश्य आठवा. असे दृश्य सुचायला ती भिंत आतून माहीत असावी लागते. या चित्रपटातला पोरगा शेवटी रडत बसत नाही, तो दगड उचलतो आणि भिरकावतो.

पुढच्याच वर्षी 'कोर्ट' देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी. संगीत संभाजी भगत यांचे. चळवळीतल्या माणसाने चळवळीतला माणूस साकारला. साथीदार यांना स्वतःला पदक मिळाले नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. पण गाणे म्हटले म्हणून माणसाला कोर्टाच्या खेपा घालायला लावणारी व्यवस्था त्यांनी देशाला दाखवून दिली.

तेव्हा अनेकांना वाटले, आता दार उघडले. आम्हालाही आनंद झाला होता. पण दार उघडणे वेगळे आणि दाराची किल्ली हाती येणे वेगळे. २०२३ साली ६९ वे पुरस्कार जाहीर झाले. कोठडीत मारल्या गेलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला न्याय मिळवून देणाऱ्या वकिलाची १९९३ सालची खरी लढाई 'जय भीम'ने देशभर नेली होती. यादीत 'जय भीम'चे नाव नव्हते. मारी सेल्वराज यांचा 'कर्णन' नव्हता, पा. रंजित यांचा 'सारपट्टा परंबरै' नव्हता. त्याच यादीत राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार होता 'द काश्मीर फाइल्स'ला! २०२५ साली सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला 'द केरला स्टोरी'ला. या चित्रपटाच्या प्रचारात बत्तीस हजार मुलींचा आकडा फिरवला गेला होता. त्या आकड्याला अधिकृत आधार नाही अशी पाटी चित्रपटात टाकण्याची कबुली निर्मात्याला २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात द्यावी लागली होती. एका समाजाविषयी दुसऱ्या समाजाच्या मनात भय पेरणाऱ्याला एकात्मतेचे आणि कलेचे मानकरी ठरवायचे, तर मग एकात्मता या शब्दाचा अर्थ तरी काय?

याहून गंभीर बदल कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. पूर्वी 'इतर सामाजिक प्रश्नांवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट' असा स्वतंत्र पुरस्कार होता. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची व्यथा मांडणाऱ्या 'जोगवा'ला तो मिळाला होता. २०२४ साली नियम बदलले. राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण या तिन्हींचे गाठोडे बांधून एकच पुरस्कार केला गेला. २०२५ साली तो मिळाला 'सॅम बहादुर'ला. फील्ड मार्शल माणेकशा यांच्या शौर्याबद्दल आम्हाला अभिमानच आहे. पण उद्या गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारावर कोणी चित्रपट काढला, तर त्याने रणगाड्यांशी स्पर्धा करायची काय? पुरस्कार रद्द झाला असे कोणी म्हणणार नाही, कारण 'सामाजिक' हा शब्द नव्या नावात आहेच. जागा मात्र गेली. आरक्षणाच्या बाबतीत आमच्या लोकांनी हा अनुभव पुष्कळदा घेतला आहे.

२०१८ सालचा प्रसंगही नीट समजून घेतला पाहिजे. ६५ व्या सोहळ्यात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते फक्त अकरा जणांना पुरस्कार मिळतील, उरलेले मंत्र्यांच्या हस्ते दिले जातील, असे ऐनवेळी सांगण्यात आले. पन्नासहून अधिक मानकऱ्यांनी सोहळ्याकडे पाठ फिरवली. दलित राष्ट्रपतीचा हा अपमान आहे, असा सूर आमच्यातल्या काहींनी लावला. आम्हाला तो पटत नाही. त्या कलावंतांचे म्हणणे उलट होते. पुरस्कार राष्ट्रपतींच्याच हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता. या सोहळ्याचे मोठेपण कशात आहे? नटसम्राटाला जो हात पदक देतो तोच हात ध्वनिमुद्रण करणाऱ्याला, रंगभूषा करणाऱ्याला, माहितीपट काढणाऱ्याला देतो, यात. अकरा जण आतल्या पंगतीला आणि बाकीचे बाहेरच्या, हा पंक्तिभेद झाला. पंक्तिभेद म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार हा कोणा शेठजीने भरवलेला तमाशा नव्हे. तो राज्यसंस्थेचा पुरस्कार आहे आणि त्याचा खर्च जनतेच्या तिजोरीतून होतो. बाबासाहेबांच्या घटनेतले १८ वे कलम राज्यसंस्थेला किताब वाटायला मनाई करते. पद्म पुरस्कारांच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गुणांचा गौरव समतेच्या तत्त्वाला बाधक नाही, पण तो नावापुढे किताबासारखा मिरवता येणार नाही. मग गुण कोणते, हे ठरवणारे कोण, हा प्रश्न घटनेचाच प्रश्न होतो. पाच विभागीय आणि एक केंद्रीय अशा परीक्षक मंडळांकडून कथापटांची निवड होते. या मंडळांवर कोणाला बसवायचे ते मंत्रालय ठरवते. तिथे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, अल्पसंख्याक आणि त्यांतल्या स्त्रियांना जागा द्यावी असे कोणतेही बंधन नाही. निकाल जाहीर होतो, पण अमुक चित्रपट का मागे पडला याचे कारण द्यायची पद्धत नाही. ज्या निवाड्याला कारण द्यावे लागत नाही त्यात न्यायाधीशाची जातच बोलते.

म्हणून चळवळीने पुरस्कार मागू नयेत, निवाड्यात वाटा मागावा. मोक्याच्या जागांविषयी बाबासाहेब जे सांगत ते इथेही लागू आहे. परीक्षक मंडळांवर सर्व समाजघटकांचे प्रतिनिधित्व हवे. सामाजिक प्रश्नांवरचा पुरस्कार पुन्हा स्वतंत्र हवा. अंतिम फेरीतल्या चित्रपटांची यादी आणि निकालाची कारणे जाहीर व्हावीत. पुरस्कार मिळालेला प्रत्येक चित्रपट दूरदर्शनवर सर्वांना दिसेल अशा वेळी दाखवला जावा आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत पोचावा. या मागण्या घेऊन आपले किती खासदार संसदेत उभे राहतात, ते पाहायला हवे.

हे सरकारकडे मागण्याचे झाले. आपण स्वतः काय करायचे? मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका पी. के. रोझी दलित होती. पडद्यावर नायर स्त्री साकारली म्हणून तिला उच्चवर्णीयांनी पळवून लावले. तिच्या दिग्दर्शकाच्या, जे. सी. डॅनियल यांच्या नावाने केरळ सरकारचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आहे. रोझीची आठवण जागवली ती चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने, तिच्या नावाने चित्रपट महोत्सव सुरू करून. महाराष्ट्रात गावोगाव जयंती होते. डीजेच्या भिंतींवर एका रात्रीत किती पैसा जातो याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मनाशी करावा. त्यातल्या थोड्या पैशांत पडदा उभा राहतो, 'कोर्ट' आणि 'जय भीम' दाखवता येतात, वस्तीतल्या एखाद्या मुलीच्या हातात कॅमेरा देता येतो.

ती मुलगी उद्या चित्रपट काढील. दिल्लीने तिला पदक दिले तर टाळ्या वाजवू. नाही दिले तर तिचा चित्रपट आपण आपल्या पडद्यावर दाखवू, आणि दिल्लीला त्या निकालाची कारणे विचारू.