पंडिता रमाबाई आणि आपण

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली, पण चर्चची प्रत्येक शिकवण डोळे मिटून मानली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरूंशी पत्रांतून वाद घातला. भटांचे जोखड फेकून आल्यावर पाद्र्यांचे कशाला घ्यायचे, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

करंजाडेतले तरुण आम्हाला विचारतात, ख्रिस्ती बाईकडून बौद्धांनी काय शिकायचे? हेच शिकायचे! १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली ती पुरोहितशाहीतून सुटण्यासाठी. मग विहारात, समितीत, नेत्यांसमोर प्रश्न विचारताना आपली जीभ का अडखळते? धर्मांतर एका दिवसात होते, बुद्धी मोकळी ठेवण्याचे काम रोजचे आहे.

जय भीम!