कावीळ गल्लीत, नकाशा कपाटात

मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांत माझ्याकडे काविळीचे नऊ पेशंट आले. केसपेपरवरचे पत्ते पाहिले, तर सात जण एकाच रस्त्यावरचे. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : इथे पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन नेमकी कुठे जवळ येतात? नकाशा मागायला गेलो. पाण्याचा एका खात्याकडे, ड्रेनेजचा दुसऱ्याकडे. दोन्हीकडे उत्तर तेच, "अर्ज करा, डॉक्टर."

हेपॅटायटिस ई या काविळीत दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणजे पहिला पेशंट माझ्यासमोर बसतो, तोवर अख्खी गल्ली तेच पाणी प्यायलेली असू शकते. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतते. आणि आम्ही अर्ज करायचा!

१८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची यादी सरकारी नोंदणी कार्यालयातून मिळवली, पत्त्यांवर जाऊन चौकशी केली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. (तो प्रसिद्ध नकाशा नंतरचा; आधी कामी आली ती पत्त्यांची यादी.) कॉम्प्युटर सोडा, तेव्हा कॉलऱ्याचा जंतूसुद्धा सर्वमान्य नव्हता.

आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची परवान्यांची बंधनं बरीच सैल केली, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. कागद उत्तम आहेत. पण वॉर्डातला पाइप कुठून जातो हे अजून जुन्या फिटरच्या डोक्यात असतं, आणि तो रिटायर झाला की नकाशाही रिटायर!

"सुरक्षेचा प्रश्न आहे" असं सांगतात. धरणाचा आराखडा सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. गल्लीतल्या पाइपबद्दल बोलतोय. पेशंटची नावं, घरनंबरही नकोत. रस्त्यानुसार आठवड्याचा आकडा आणि त्याच पडद्यावर दोन्ही लाइन, एवढंच हवं. आपल्याच कराच्या पैशांतून ही मोजणी झाली आहे.

माझा अर्ज अजून 'विचाराधीन' आहे. तोवर पाणी उकळून प्या, आणि घरात कोणाची लघवी गडद पिवळी झाली, तर शेजारीपाजारीही चौकशी करून मला सांगा.