अभिमत पदवीचा जमाखर्च

कावेरीच्या काठावरील कुंभकोणम हे गाव मराठी माणसाला परके नाही. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे या परिसरात स्थिरावलेल्या देशस्थ कुटुंबांपैकी एका कुटुंबात 1828 साली टी. माधवराव यांचा जन्म याच गावी झाला. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी सांभाळली. 1854 साली येथे सुरू झालेल्या सरकारी शिक्षणसंस्थेने पुढे ‘दक्षिणेचे केंब्रिज’ अशी ख्याती मिळविली. त्या काळी शिक्षण म्हणजे सरकारी कचेरीचा दरवाजा होता. शिकविण्याचा बराचसा खर्च सरकार उचलत असे आणि शिकलेल्याला नोकरीही बहुधा सरकारच देत असे. गुंतवणूक आणि परतावा या दोन्ही गोष्टी एकाच हातात होत्या. आज हे दोन हात वेगळे झाले आहेत. पदवीचा खर्च कुटुंब करते, परतावा बाजार देतो आणि या दोहोंमधील हिशेब तपासण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पाठोपाठ एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने तमिळनाडूत तोच मार्ग धरला. तंजावरजवळच्या तिरुमलैसमुद्रम येथे 1984 साली सुरू झालेले षण्मुग अभियांत्रिकी महाविद्यालय याच लाटेतले. 2001 साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ते ‘शास्त्र’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचे श्रीनिवास रामानुजन केंद्र कुंभकोणममध्येच आहे. त्यामुळे या गावातील विद्यार्थ्यापुढे आज दोन वाटा आहेत. एक नाममात्र शुल्काच्या सरकारी महाविद्यालयाची आणि दुसरी काही लाखांच्या अभिमत पदवीची. येथे प्रश्न कोणा एका संस्थेच्या गुणवत्तेचा नाही. ‘शास्त्र’चा शैक्षणिक लौकिक चांगला आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याला कोणती माहिती मिळते, हा.

अभिमत दर्जा विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, 1956 च्या तिसऱ्या कलमाखाली केंद्र सरकार देते. म्हणजे निर्णय दिल्लीत होतो. त्याचा परिणाम मात्र राज्याच्या शिक्षणव्यवस्थेवर होतो. तमिळनाडूत खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील सरकारी कोट्याचे प्रवेश एकखिडकी पद्धतीने होतात आणि त्यांचे शुल्क राज्याची समिती ठरविते. घरातील पहिल्या पदवीधराला शुल्कात सवलत मिळते, ती याच प्रवेशांत. अभिमत विद्यापीठ या व्यवस्थेच्या बाहेर असते. महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. 2015 च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क तपासते. 2024 साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी दिली. परंतु खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली. तात्पर्य, ही पदवी घेणारा विद्यार्थी महाग शुल्क भरतो आणि शुल्कनियंत्रण व सवलत या दोन्ही कवचांनाही मुकतो.

मग ही वाट कोण धरतो? ज्यांना पहिली वाट बंद आहे, त्यांची संख्या यात मोठी आहे. नोकरीनिमित्त राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाची अडचण दुहेरी असते. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत अधिवास आणि दहावी-बारावी कोठे झाली, हे विचारले जाते. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी नियमांत काही वाट ठेवलेली आहे; खासगी नोकरीसाठी चेन्नईत, बंगळुरूत वा दिल्लीत गेलेल्या माणसाला ती बहुधा उपलब्ध नसते. त्याची मुले राहत्या राज्यात परकी ठरतात आणि महाराष्ट्रातही बाहेरची ठरण्याचा संभव असतो. अधिवासाची अट न घालणारी अभिमत विद्यापीठे अशा कुटुंबांचा आसरा बनतात. त्यांच्या दृष्टीने ही निवड हौसेची नव्हे, नाइलाजाची असते.

आता हिशेब पाहू. समजा, शुल्क आणि वसतिगृह मिळून वर्षाला तीन लाख, म्हणजे चार वर्षांत बारा लाख रुपये लागले. दोन लाख कुटुंबाने स्वतःचे घातले आणि दहा लाखांचे कर्ज दरसाल अडीच लाखांच्या चार हप्त्यांत उचलले. व्याज दहा टक्के धरले, तर शिक्षणाची चार वर्षे आणि पुढील एक वर्षाची सवलत संपेपर्यंत सरळव्याजानेच साडेतीन लाख रुपये चढतात. साडेतेरा लाखांची ही रक्कम दहा वर्षांत फेडायची, तर महिना सुमारे 17,800 रुपयांचा हप्ता पडतो. एकूण परतफेड एकवीस लाखांच्या पुढे जाते.

दुसऱ्या बाजूला पगार आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील घाऊक भरतीचा प्रारंभिक पगार गेली पंधराहून अधिक वर्षे वर्षाला तीन-चार लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. हाती महिना पंचवीस हजार आले, तर हप्त्यानंतर सात हजार उरतात. त्यात चेन्नईत किंवा पुण्यात खोलीचे भाडेही भागत नाही. याउलट सरकारी महाविद्यालयातून तीन वर्षांत पदवी घेतलेल्या मुलाला समजा पंधरा हजारांची नोकरी मिळाली, तर त्याच्यापेक्षा दहा हजार जास्त मिळविण्यासाठी अभियंता महिना 17,800 रुपये मोजतो. शिवाय पहिला एक वर्ष आधी कमावता झालेला असतो. मात्र अभियंत्याला पन्नास हजारांची नोकरी मिळाली, तर हाच हिशेब पूर्ण फिरतो आणि कर्ज शहाणपणाचे ठरते. पदवी तीच, शुल्क तेच, निष्पत्ती मात्र परस्परविरोधी! आयकरात व्याजावर मिळणारी वजावटही नव्या करप्रणालीत नाही आणि तीन-चार लाखांच्या पगारावर कर बसतच नसल्याने तिचा उपयोगही नाही.

म्हणूनच संस्थेतून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण पहिल्या गटात जातात आणि किती दुसऱ्या, हा कळीचा प्रश्न ठरतो. 2016 पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत संस्थांनी दिलेला मध्यम पगाराचा आकडा असतो, हे खरे. तथापि, तो आकडा संस्था स्वतःच पुरविते आणि तो नोकरी लागलेल्यांपुरताच असतो. नोकरी न लागलेल्यांची मिळकत त्यात उतरत नाही, शाखानिहाय फरक दिसत नाही आणि पाच वर्षांनी तो पदवीधर कोठे आहे, याचा पत्ता लागत नाही. जाहिरातीत मात्र सर्वांत मोठा पगार ठळक अक्षरांत छापला जातो. तो एका विद्यार्थ्याला मिळालेला असतो; कर्ज शेकडोंनी काढलेले असते.

शिक्षणाचे मोल पगारात मोजू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्यात तथ्य आहे आणि त्याला कुंभकोणमइतका मोठा दाखला दुसरा नाही. श्रीनिवास रामानुजन 1904 साली शिष्यवृत्ती घेऊन येथील सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. गणितात बुडून गेल्याने इतर विषयांत मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. पदवीविना भटकलेल्या या माणसाला 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांची कारकुनी मिळाली. बाजाराने लावलेली ती किंमत किती चुकीची होती, हे जगाला ठाऊक आहे. परंतु या कथेचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. ज्या शिक्षणाचे मोल पगारात मोजता येत नाही, त्याचा भार शिष्यवृत्तीने, म्हणजे समाजाने उचलावा लागतो. तो आधार सुटताच रामानुजनही टिकू शकले नाहीत. अमूल्यतेचा दाखला द्यायचा आणि बिल मात्र अठरा वर्षांच्या मुलाच्या नावे फाडायचे, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

2009 साली टंडन समितीने 44 अभिमत विद्यापीठे त्या दर्जास अपात्र ठरविली, त्यांत सर्वाधिक तमिळनाडूतील होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. पण चर्चा अध्यापन, संशोधन आणि कारभार यांभोवती फिरली. पदवीधराच्या खिशात काय पडले, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आलाच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तर क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांसाठी विनातारण कर्ज आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांना व्याजात सवलत देण्याचे ठरले. म्हणजे संस्थांनीच पुरविलेल्या आकड्यांवर आता सरकारी पैसाही विसंबून आहे.

वास्तविक उपाय फार अवघड नाही. अमेरिकेने 2015 पासून संस्थानिहाय पदवीधरांची मिळकत सरकारी नोंदींवरून प्रसिद्ध केली आणि ब्रिटनने शिक्षणाच्या नोंदी करनोंदींशी जोडल्या. भारतात भविष्यनिर्वाह निधी, आयकर आणि पदव्यांच्या डिजिटल नोंदी केंद्राकडेच आहेत. व्यक्तीची ओळख उघड न करता संस्था आणि शाखा यांनुसार एका व पाच वर्षांनंतरची मिळकत, नोकरी न लागलेल्यांसह, प्रसिद्ध करणे शक्य आहे. अभिमत दर्जा टिकविण्याची ती अट असावी आणि कर्ज मंजूर करताना बँकेने तो तक्ता विद्यार्थ्यापुढे ठेवावा. चांगल्या संस्थांना त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. किंबहुना त्यांचाच लाभ होईल. ज्या दिल्लीने दर्जा देऊन या संस्थांना राज्यांच्या शुल्कनियंत्रणातून मोकळे केले, त्याच दिल्लीने पदवीचा जमाखर्चही मांडला पाहिजे. तोपर्यंत प्रवेशाच्या दिवशी शुल्काचा आकडा रुपया-पैशासह छापलेला असेल आणि परताव्याची जागा कोरीच राहील.